एक सूत वाढलेली चेन

आम्ही दोघांनी गिअरच्या सायकली एकाच दिवशी, वाशिमच्या एकाच दुकानातून घेतल्या. माल एकच, रंग तेवढा वेगळा. तीन वर्षांनी त्याची सायकल चढावर मुकाट चालायची आणि माझी कुरकुरायची. जोर दिला की मागे चेन एखादा दात सोडायची आणि पाय रिकामा खाली जायचा.

तो माझा कॉलेजातला मित्र. त्याचे वडील शिक्षक, आजोबाही शिकलेले. आसेगावकडच्या आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि तोही बराचसा त्याच्या वह्या उतरवून. वही द्यायला त्याने कधी नाही म्हटलं नाही. अशा माणसाचा हेवा करू नये, हे मला कळतं. पण उपकार करणाऱ्याचाच हेवा जास्त वाटतो, हा माझा अनुभव आहे.

दर रविवारी आम्ही अनसिंगच्या रस्त्याने जायचो. वाटेत एक लांब चढ आहे. तो आधी वर पोचायचा, दगडावर बसून पाणी प्यायचा आणि मी दिसलो की म्हणायचा, "ये, ये. घाई नाही." ते 'घाई नाही' मला आठवडाभर पुरायचं.

एकदा तो घरच्या अंगणात चेन बदलत होता. जुनीला काही झालेलं दिसत नव्हतं.

"चालू चेन फेकून राह्यला? पैसा जास्त झाला का बे?"

"चालू हाये म्हणूनच बदलतो."

मी हसलो. आमच्या घरी वखराची लोखंडी पास झिजून बोटाएवढी होईपर्यंत वापरत. वस्तू संपवून टाकणं हा आमच्याकडे गुणच. माझी चेन दुकानातून आली तीच आहे, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगायचो. मनात मात्र वेगळंच होतं. दुकानदाराने त्याला चांगलं चाक दिलं आणि मला हलकं, अशी माझी खात्रीच झाली होती. शिकलेल्या घरातलं पोर तोंडावरून ओळखू येतं, आणि माणसं त्याला बघून माल काढतात.

सोयाबीन निघाल्यावरच्या एका रविवारी, चढाच्या पायथ्याशी, मी बोलून टाकलं, "मागची चाकं बदलून पाहू. तुलेच चांगलं भेटलं."

त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "बरं. पाना काढ."

रस्त्याच्या कडेला चाकं उतरवली, तेव्हा म्हशी घेऊन चाललेले एक काका थांबले.

"पंचर हाये का?"

"नाही काका, अदलाबदल."

"आमी बैलं बदलत होतो, तुमी चाकं बदला. कोनाचं गाभन हाये का पाहून घेजा."

तो मोठ्याने हसला. मला हसू आलं नाही.

त्याचं चाक लागल्यावर माझी सायकल चढावर अशी गेली की मलाच खरं वाटेना. मागून आवाज येत होता, खट्, खट्, प्रत्येक पेडलला. मग त्याची हाक आली, "थांब बे!" मी ऐकली. थांबलो नाही. वर पोचून मागे पाहिलं, तर तो अर्ध्या चढावर सायकल ढकलत होता आणि एक पाय ओढत होता. तो वर येईपर्यंत मी सुखात होतो. तसंच होतं, म्हणून तसंच लिहितो.

पाय एकदम रिकामा गेल्याने त्याचा गुडघा हँडलवर आपटून सोलला होता. तो रागावला नाही. पिशवीतून लोखंडी फूटपट्टी काढून त्याने माझ्या चेनवर ठेवली.

"कड्यांच्या बारा जोड्या मोज. बारा इंच भरले पाह्यजेत."

बारा इंच आणि वर पूर्ण एक सूत भरलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुताराच्या मापातला.

"अर्धा सूत वाढली का चेन बदलाची," तो म्हणाला. "तेवढ्यात बदलली तर मागचे दात वाचतात. एक सूत झाली म्हंजे तिनं दात बी खाल्ले. माही नवी चेन तुह्या चाकाच्या त्या घासल्या दातांवर बसनच नाही."

"म्हंजे तुले आधीच माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मंग चाक काहून बदलू देल्लं?"

"नुसतं सांगून तू मानला असता काय?"

मी फूटपट्टी त्याच्या पिशवीत टाकली. गुडघ्यावर पाणी ओतता ओतता त्याने विचारलं, "मी आवाज देल्ला होता. ऐकू नाही आला?"

"वारा होता," मी म्हणालो.

पान हलत नव्हतं. तो "हो का" म्हणाला आणि चाकं परत बदलायला पाना मागितला.

दुसऱ्या दिवशी तोच माझ्याबरोबर दुकानात आला. चेन, मागच्या दातेरी चकत्यांची चळत आणि पुढची मधली चकती, तिन्ही बदलाव्या लागल्या. तेवढ्याच काळात त्याच्या तीन चेनी झाल्या होत्या, पण बाकी सगळं मूळचंच होतं. दुकानदाराशी बोलून चांगला माल त्यानेच निवडला.

पुढच्या रविवारी माझी सायकल मुकाट चालली. तो गुडघ्याला पट्टी बांधून आला होता. चढ लागला आणि तो हळूहळू पुढे गेला, नेहमीइतकाच. मी खाली मान घालून पेडल मारत राहिलो. आता दोष द्यायला चाकही उरलं नव्हतं.