सावलीतला हिरवा

काशीराम मास्तर आमच्या मालवणच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत आणि मी गणित. माणूस सरळ, पण मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये दोन वर्षं काढून आलेले, आणि ती दोन वर्षं काही केल्या अंगातून उतरत नव्हती. चहाला बसलं की पॅरिस सुरू. तिथल्या चित्रकारांनी सावलीतून काळा रंग कसा हाकलून दिला, मागून आलेल्यांनी वस्तूचा रंग सोडून मनातला रंग चेहऱ्यावर कसा थापला, आणि तिसऱ्यांनी साधी बाटली फोडून तिच्या चारी बाजू एकाच कागदावर कशा मांडल्या. "या कपाची सावली जांभळी आहे, दिसते का?" ते विचारत. मला कप दिसे, तोही रिकामा.

१९५८ साली तारकर्लीची चंद्रावती मासे विकून परतताना त्यांच्या दारात आली. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा महादू वादळात सापडला होता. होडी फुटून किनाऱ्याला लागली, महादू लागला नाही. कोणी म्हणे, गलबताने उचलला. कोणी म्हणे, कारवारला दिसला. त्या बोलण्याच्या आधारावर ती रोज कुंकू लावत होती आणि संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन वाट बघत बसत होती. घरात त्याचा एकही फोटो नव्हता, आणि मुलगी सुगंधा तेव्हा तान्ही होती.

"मास्तरांनू, चेडवाक बापाशीचा तोंड ठावक नाय," ती म्हणाली. "ते येतले तेव्हा तेना तेंका वळखूक व्हया. फोटोसारखा काडा."

फोटोसारखं! तेवढंच मास्तरांना झोंबलं. फोटो काढायचा तर फोटोवाला आहे की, असं मला तणतणत सांगितलं. तरी काम घेतलं. महादूचा भाऊ लवू त्याच्यासारखाच दिसायचा, त्याला समोर बसवला. जुळलेल्या भुवया, हनुवटीवरचा व्रण, हे सगळं चंद्रावतीने सांगितलं. चेहरा हुबेहूब उतरला. तिथे हात थांबायला हवा होता. पण नाही! गालाच्या सावलीला हिरवा, डोळ्यांखाली जांभळा, ओठांवर दर्याचा निळा. "समुद्राच्या उजेडातला माणूस," ते मला म्हणाले. स्वतःवर बेहद्द खूश होते.

रविवारी सकाळी आम्ही दोघं चित्र घेऊन तारकर्लीला गेलो. अंगण सारवलेलं, शेजारपाजार जमलेला, छोटी सुगंधा नव्या झग्यात. मास्तरांनी थाटात फडकं काढलं.

महादूची आई आनंदीबाई "महादू!" म्हणून पुढे धावली आणि अर्ध्यावर थांबली. सगळी दर्यावरची माणसं. समुद्र माणूस परत देतो तो कुठल्या रंगाचा, हे तिथे कोणाला सांगावं लागत नाही.

"माझ्या बापाशीक दर्यातसून काडल्यानी, तेव्हा असोच दिसलेलो," चंद्रावती हळूच म्हणाली. आणि सगळ्यांदेखत तिने पदराने कपाळ पुसलं.

"अहो बाई, ती सावली आहे! सावलीचा रंग..." मास्तर बोटाने चित्रातला गाल दाखवू लागले.

"खंयची सावली रे मेल्या?" आनंदीबाई किंचाळली. "माझ्या झिलाक जितोच मारलंस!"

परतताना मास्तर माझ्यापुढे भराभर चालत होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "बाईने नवरा मागितला होता. मी तिला माझी विद्या दाखवली." मला त्यांचा रागही आला होता आणि कीवही. त्यांनी दुसरं चित्र काढून द्यायची तयारी दाखवली, तर चंद्रावतीने निरोप धाडला, आता नको. भटजींनी महादूच्या नावाने दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. शाळेत मास्तर मुलांना सावलीला काळा रंग लावायला सांगू लागले. पॅरिसचं नाव पुन्हा निघालं नाही.

पुढच्या वर्षी महादूच्या म्हाळाचं जेवण होतं आणि चंद्रावती स्वतः आमंत्रण द्यायला आली. मास्तर ताप आल्याचं सोंग करत होते. मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. पाटावर तेच चित्र, त्याला झेंडूचा हार. त्या हिरव्या तोंडासमोरच मास्तरांचं पान मांडलेलं. आनंदीबाई आतून बाहेर आलीच नाही.

चंद्रावतीने पहिलं वाढप त्यांनाच केलं. म्हणाली, "सगळ्यांनी माका खोटो धीर दिल्यानी, मास्तरांनू. खरा काय ता तुमीच दाखवलास."

मास्तरांनी मान वर केली. मला वाटलं, आता सांगून टाकणार, की बाई, त्यात खरंबिरं काही नव्हतं, तो परक्या देशातून उचललेला रंग होता, महादूचं काय झालं ते मलाही ठाऊक नाही. पण सांगितलं असतं तर ती उद्यापासून पुन्हा किनाऱ्यावर जाऊन बसली असती. त्यांचे कान लाल झाले होते.

"भात वाढू?" तिने विचारलं.

त्यांना नाही म्हणता आलं नाही. तिने वाढलेला भात त्यांनी खाली मानेने शेवटच्या शितापर्यंत संपवला.