सुकास्तीचे घोडे आणि न्येपीचा उपास

बालीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या त्या गावात सुकास्तीइतकी कडक न्येपी कुणी पाळत नसे. नव्या वर्षाचा पहिला दिवस. दिवा नाही, चूल नाही, काम नाही, अंगणाबाहेर पाऊल नाही, आणि बोलायचंच झालं तर कुजबुजत. बाकीच्या बायका आदल्या संध्याकाळी खिडक्यांना काळं कापड लावत. सुकास्ती दोन दिवस आधीच लावून मोकळी होई. शिवाय सवयीनं बटणाकडे हात जायला नको म्हणून आदल्या दिवशी सकाळीच घरातले सगळे बल्ब काढून तांदळाच्या रिकाम्या डब्यात ठेवी.

"सूर्य तेवढा राहिला बघ," तिचा नवरा मुदिता म्हणाला. "त्यालाही काढून डब्यात घाल."

"देवाच्या दिवशी थट्टा नको, ब्ली." नवऱ्याला ती तिकडच्या रीतीनं ब्ली म्हणे.

यंदा नेमका न्येपीच्या आदल्या पहाटे घोडा व्याला. सुकास्ती समुद्रघोडे पाळी, आणि त्यांच्यात बाळंतपण नराचं. स्वयंपाकघरातल्या काचेच्या टाकीत त्यानं शेपटीनं दोरी धरली, अंग आकसलं आणि पोटाच्या पिशवीतून पिल्लं उडवली. नखाएवढी, पण मान बापासारखीच ताठ. सुकास्तीनं वाटीनं अलगद उचलून ती वेगळ्या टाकीत सोडली. एकशे चाळीसपर्यंत मोजली, मग डोळे दुखले.

हे तिसरं वेत. पहिलं आठ दिवसांत गेलं, दुसरं तिसऱ्या दिवशी. दुसऱ्या खेपेला तिनं समुद्राकडे तोंड करून वरुणदेवाला सांगितलं होतं, आता एकदाच, पुन्हा गेली तर टाकी धुऊन उलटी घालीन. त्यामुळे या वेळी तिचा पाय जागेवर ठरत नव्हता. फुलं वाहून येई आणि टाकी बघे, भात उपसून येई आणि टाकी बघे.

नवजात घोड्याला जठर असं नसतंच, नुसती नळी. खाल्लेलं लगेच निघून जातं, म्हणून दिवसातून चार वेळा जिवंत खाणं लागतं. किड्यांच्या वाळवलेल्या अंड्यांची तपकिरी भुकटी मिठाच्या पाण्यात घालायची, बाटलीत हवा सोडायची, आणि दुसऱ्या दिवशी त्यातून ठिपक्याएवढे नारिंगी किडे निघतात. पहिल्या दिवसाचे किडे तयार होते. न्येपीसाठीची बाटली तिनं दुपारीच भरून कोपऱ्यात लावली. हवेचा पंप चालू ठेवायला हरकत नव्हती, त्याला उजेड नाही, आवाजही नावालाच.

न्येपीच्या सकाळी तिनं बाटली हलवून पाहिली. वर भुकटीचा थर जसाच्या तसा, खाली पाणी रिकामं. किडे बोटांवर मोजण्याइतके.

"ब्ली, उठा! अंडी फुटलीच नाहीत!"

मुदितानं डोळे चोळत बाटली पाहिली, मग काळ्या खिडकीकडे पाहिलं. "फुटतील कशी? त्यांना सुरुवातीला उजेड लागतो. बाटलीवरचा बल्ब कुठाय?"

सुकास्तीच्या तोंडचं पाणी पळालं. बल्ब डब्यात होता. पुण्य म्हणून घर अंधारं केलं आणि त्याच अंधारानं पिल्लांचं जेवण अडवलं. तिनं खिडकीवरचं कापड एका कोपऱ्यात उचललं, ऊन आत घेतलं. सूर्याला कुठलाच नियम नव्हता. बाटली उन्हात ठेवली, पण आता किडे निघायला उद्याची सकाळ उजाडणार होती.

ती ध्यानाला बसली. डोळे मिटले की पिल्लं दिसत. उठली, पाहून आली, बसली. दहा वाजेपर्यंत चार तळाशी पडली होती. अकरापर्यंत नऊ. जिवंत होती ती काचेला तोंड टेकवून तिच्याकडे बघतायत असं तिला वाटे.

"भिंतीपलीकडे रेनिंगकडे पिंपभर किडे आहेत," मुदिता पडल्या पडल्या म्हणाला. "तिचे रंगीत मासे तेच खातात. पिंप तर उन्हातच असतं."

"माहीत आहे मला."

माहीत होतं म्हणूनच तर ती तीनदा भिंतीपर्यंत जाऊन परतली होती. गेल्या न्येपीला रेनिंगनं नातवासाठी दूध गरम केलं, आणि धूर दिसताच सुकास्तीनं गल्लीतल्या राखणदाराला हाक मारली होती. गावसभेत रेनिंगचं नाव पुकारलं गेलं. तेव्हापासून दोघींत शब्द नव्हता.

तळाशी बारावं पिल्लू पडलं तेव्हा सुकास्तीनं बादली उलटी घातली आणि भिंतीला छाती टेकवून वर झाली. पलीकडे रेनिंग आंब्याखाली बसून माळ ओढत होती.

"म्बोक," थोरल्या बहिणीला मारावी तशी हाक सुकास्तीनं कुजबुजत मारली. "म्बोक रेनिंग."

रेनिंगनं वर पाहिलं. मग सावकाश चार बोटं दाखवली, न्येपीचे चार नियम. एकेक बोट मिटत गेली आणि शेवटचं सुकास्तीकडे रोखलं.

"माहीत आहे गं. हे काम आहे, आणि भिंतीवर चढणं हाही प्रवासच आहे. माझे घोडे उपाशी मरतायत."

"काय झालं, देवीबाई?" रेनिंगचा आवाज अगदी खालचा, पण धारदार. "तुझ्या घरात तर सगळं शास्त्राप्रमाणे असतं."

"शास्त्रानंच घात केला. बल्ब काढले, अंडी फुटली नाहीत."

रेनिंगनं तोंडावर हात दाबला. खांदे हलत होते. हसू आवरल्यावर म्हणाली, "माझा नातू पण उपाशीच होता."

"हो," सुकास्ती म्हणाली. "होता. मी धूर बघितला, लेकरू बघितलंच नाही. चुकलं माझं."

गल्लीत राखणदाराच्या चपला वाजल्या. सुकास्तीला वाटलं, आता हाक जाणार. रेनिंग उठली. तिनं फाटकाकडे पाहिलं, सुकास्तीकडे पाहिलं, आणि चपलांचा आवाज लांब जाईतो तशीच उभी राहिली. मग पिंपात जाळी बुडवून बरणीत रिकामी केली, पाण्यात किड्यांचा नारिंगी धूर झाला, आणि बरणी वर धरली.

"पिल्लांना देतेय," ती म्हणाली. "तुला नाही. तुझं काय ते अजून बघायचंय."

सुकास्तीनं मान डोलावली. बरणी घेताना थोडं पाणी भिंतीवर सांडलं.

खिडकीतल्या उन्हाच्या पट्ट्यात तिनं किडे सोडले. आधी काहीच झालं नाही. मग एका पिल्लानं मान खाली झुकवली, नेम धरला आणि ठिपका नाहीसा झाला. दुसरं. तिसरं. त्यांची काचेसारखी पोटं नारिंगी होताना तिला दिसली. तिनं हात जोडले, पण कुणाचं नाव घ्यावं हे सुचेना. तळातली बारा चमच्यानं बाजूला काढली.

"झालं ना? आता तरी बस," मुदिता म्हणाला.

बसणार कशी? तास-दीड तासात पोटं पुन्हा रिकामी होतील. नंतरची वेळ दुपारची, त्यानंतर अंधार पडायच्या आतली, आणि बरणीत एकाच वेळेपुरते किडे उरलेले. उद्या उजाडेपर्यंत किती राहतील, देव जाणे.

ऊन कलायला लागल्यावर ती पुन्हा बादलीवर चढली, रिकामी बरणी हातात. पलीकडे आंब्याखाली रेनिंग डोळे मिटून बसली होती. सुकास्तीनं या वेळी हाक मारली नाही. नुसती उभी राहिली, रेनिंग डोळे उघडेल तोवर.