सारवलेला थांबा

एक लाकडी खांब आणि त्यावरची पत्र्याची पाटी: एवढाच त्या गुन्ह्याचा मुद्देमाल, पण तो माझ्या मनातून अजून हललेला नाही.

स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. जळगाव–धुळे रस्त्यावरच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार. नोकरीआधी मी पत्रकं छापून वाटत असे. ‘रस्ता रयतेचा, मग मोटार कोणाची?’ असलं जहाल लिहायचो. आणि फिर्याद आली ती काय? सरकारी मोटारीचा थांबाच चोरीला गेला!

खबर फाट्यावरच्या चहावाल्यानं आणली. "साहेब, दोन दिवस मोटर माझ्या नाकासमोरून सुसाट जाते. पाटीच नाही!"

ड्रायव्हरला बोलावलं. तो म्हणाला, "आहे की पाटी. दोन मैल अलीकडे, गावाच्या तोंडाशी. पाटी दिसली तर थांबायचं, नाहीतर नाही, असा आम्हाला हुकूम आहे."

ते गाव रस्त्याला खेटून होतं. मोटार रोज त्यांच्या ओसरीवर धूळ उडवून जायची, पण थांबायची फाट्यावर. गावाचे अर्ज कचेरीत पडून होते. गरोदर बायांनी, म्हाताऱ्यांनी दोन मैल चालावं, ही कुठली व्यवस्था? पण तेव्हा मी खाकीत होतो.

हवालदाराला घेऊन गावात गेलो. खांब दिसला. सगळ्यांना उभं केलं. दरडावलं, समजावलं. पोलीस पाटलासकट सगळं गाव मुकं. तेवढ्यात माझं लक्ष खालच्या जमिनीकडे गेलं. खांबाभोवतीची जागा शेणानं सारवलेली होती, बोटांचे अर्धगोल एकसारखे उमटलेले.

मी सहज विचारलं, "सारवलंय छान. कोणी?"

"मी सारवेल शे," गर्दीतून पन्नाशीची एक बाई पुढे आली. "का हो भाऊ, वाकडं दिसस का?"

गुन्हा नाकारणारा माणूस स्वतःच्या हाताचं काम नाकारत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

"आणि खांब कोणी आणला, अक्का?"

"मी."

"एकटीनं? दोन गड्यांना पेलायचा नाही."

"माले पेलना," ती म्हणाली. मागचे चार धट्टेकट्टे गडी पायांकडे बघू लागले.

मग तिनं खरं सांगितलं. "मनी पोर आखाजीले येनार शे. चार वरीस व्हयनात. तिना सासरा म्हने, मोटर गावना तोंडे थांबस का? थांबस तर धाडसू. मी हो सांगं. मंग खोटं कसं पडू देसू?"

आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा आमच्या खान्देशात सासुरवाशिणींचा सण. झोके बांधायचे, माहेरी गाणी म्हणायची. पोर दुसऱ्याच दिवशी यायची होती.

"दोन दिन राहू द्या भाऊ. मंग मीच नेई ठेवसू."

दोन दिवस! मी नाही म्हणालो. पंचनामा केला, खांब उपटून ठाण्यात नेला. बाईला ताकीद देऊन सोडलं आणि त्यालाच दया समजलो. सणाची सुट्टी, कोर्ट बंद. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय मुद्देमाल परत लावता येईना. म्हणजे थांबा गावातही नाही आणि फाट्यावरही नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार गावावरून तशीच गेली. कंडक्टरनं नंतर जबाब दिला: एका म्हाताऱ्यानं सुनेसाठी घंटी मारायला सांगितली, पण पाटी नव्हती. फाट्यावरही नव्हती. दोघं थेट पुढच्या थांब्यावर, पारोळ्याला उतरली. ‘गाव खोटं, माणसं खोटी’ म्हणत म्हातारा परतीच्या मोटारीनं सुनेला घेऊन गेला.

जबाबावर सही घेतली आणि मी गावात गेलो. काय बोलणार होतो, ठाऊक नाही. त्या बाईच्या दारातल्या निंबाला झोका बांधलेला होता. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "खिडकीमां व्हती. हात काढा व्हता तिनी. धूळमां तोंड दिसनं नही." मग जरा जवळ येऊन विचारलं, "कंडक्टरले तुम्ही इचारं असेल ना भाऊ? वाळी गयी का ती?"

कंडक्टरच्या जबाबात वेळ होती, मैलाचा दगड होता, मोटारीचा नंबर होता. पोर वाळली होती की नाही, हे मी विचारलंच नव्हतं.