रायटर हवा आहे

कॉलेजातली मुलं समाजसेवा का करतात, हे मला पक्कं माहीत होतं. मी स्वतः केली होती. परळच्या आमच्या कॉलेजातून दहा दिवस एका खेड्यात शिबिराला गेलो, झाडांसाठी खड्डे खणले, खड्ड्यांशेजारी उभे राहून फोटो काढले आणि परत आलो. रोपं कधी आलीच नाहीत. ग्रेस मार्क मात्र आले, आणि त्यांच्या जोरावर मी इकॉनॉमिक्समध्ये सुटलो.

म्हणून माझी मुलगी सेकंड इयरला असताना अंध विद्यार्थ्यांची रायटर म्हणून जायला लागली, तेव्हा मी तिला सुखाने जाऊ दिलं नाही. ते उत्तरं सांगतात, रायटरने ऐकून उत्तरपत्रिकेत उतरवायची. लालबागच्या आमच्या घरात जेवायला बसलं की मी सुरू करायचो, "आज किती पुण्य झालं? सर्टिफिकेट कुठे लावायचं, फ्रीजवर?" सुरुवातीला ती हसायची. नंतर ताट घेऊन आत जाऊन बसायला लागली. "खरं कारण सांग," मी मागून ओरडायचो. "मीपण कॉलेजात होतो!"

बहुतेक वेळा ती एकाच बाईंचे पेपर लिहायची. माझगावला राहणाऱ्या, पंचेचाळिशीच्या, एका ऑफिसात टेलिफोनवर बसणाऱ्या. बी.ए.चं शेवटचं वर्ष. पदवी मिळाली तर टेलिफोन सुटून टेबल मिळणार होतं, आणि आता एकच पेपर उरला होता.

त्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी मुलगी आंघोळीला गेली होती, फोन हॉलमध्ये चार्जिंगला. तो वाजला, मी घेतला.

"काका, उद्याचा पेपर अडीचला नाही, सकाळी साडेदहाला केलाय. तिला आठवणीने सांगाल ना?"

जवळपास माझ्याच वयाची बाई मला काका म्हणाली, याचाच आधी राग आला. मग आठवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते बारा मुलीच्या दादरच्या क्लासची टेस्ट होती. सांगितलं तर ती टेस्ट बुडवणार. "सांगतो," मी म्हटलं, आणि सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. जेवताना ती समोरच होती, मी तिला आमटी वाढली.

टेस्टला फोन बंद ठेवावे लागतात. बारा वाजता तिने चालू केला तेव्हा चौदा मिस्ड कॉल. धावतपळत ती सेंटरवर पोचली तेव्हा पेपर संपायला तासभर उरला होता. तोवर बाई कोरी उत्तरपत्रिका पुढे ठेवून बसल्या होत्या. प्रश्नपत्रिका सुपरवायझरने वाचून दाखवली होती. त्यामुळे आपल्याला सगळं येतंय, एवढं त्यांना कळलं होतं.

घरी आल्या आल्या मुलीने फोन माझ्यासमोर धरला. "काल सात अठराचा कॉल कोणी घेतला?"

"तुझी टेस्ट होती."

"कोणी घेतला, बाबा?"

"मी. आणि बरंच केलं! कोण लागते ती तुझी? तुला काय मिळतं त्यातून, ते तरी एकदा सांग."

"शांतता," ती म्हणाली. "तीन तास. ऐकायचं आणि लिहायचं, बस्स. का करतेस, कशासाठी करतेस, तिथे कोणी विचारत नाही. इथे तुम्ही दुसरं काही विचारलंय कधी?"

तोपर्यंत ती मला अरे-तुरे करायची.

उरलेल्या तासात जेवढं लिहून झालं तेवढं पुरलं नाही, बाई त्या पेपरात नापास झाल्या. मी माझगावला जाऊन सगळं कबूल केलं. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. दारातच उभा राहून मी म्हणालो, पुढच्या वेळी तुमचा पेपर मी लिहितो. त्या हसल्या. ते हसणं माफीचं नव्हतं.

"काका, तुम्ही ग्रॅज्युएट ना? आमच्याकडे रायटर माझ्यापेक्षा कमी शिकलेला लागतो. तुम्ही चालत नाही. आणि पुढच्या परीक्षेपर्यंत तुमची मुलगी लास्ट इयरला येणार, म्हणजे तीही नाही."

"मग?"

"मग शोधा. तुम्हीच शोधा."

गेल्या आठवड्यात मी आमच्या टॉवरच्या ग्रुपवर टाकलं: रायटर हवा आहे, अकरावी ते सेकंड इयर, एकच पेपर. दोन दिवस एका अंगठ्याशिवाय काही आलं नाही. ग्रुपवर माझी मुलगीही आहे. तिने वाचलं असणार. तिसऱ्या दिवशी सतराव्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीचा मेसेज आला, "अंकल, सर्टिफिकेट मिळेल ना? ॲडमिशनला लागतं."

टोमणा तयार होता, बोटं शिवशिवत होती.

"मिळेल," मी लिहिलं. "आणि पेपरची वेळ बदलली, तर मी स्वतः वर येऊन सांगेन."