बारा ते एक, शॉर्टवेव्ह बंद

मला स्वस्थ बसता येत नाही, हे पुण्याच्या कॉलेजातल्या आमच्या सरांना पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तरीही त्यांनी मला पिंपरीला पाठवलं, जिथे बसून राहण्यापलीकडे फारसं काम नव्हतं. पन्नासच्या दशकाची अखेर होती. पिंपरीहून भोसरीकडे जाणाऱ्या गाडीवाटेला लागून, ज्वारीच्या रानात पत्र्याची एक खोली, बाहेर दोन उंच खांबांमध्ये ताणलेली तार आणि आत रेडिओ-रिसीव्हर. पुण्यातल्या विजेची खरखर इथे पोचत नाही म्हणून सरांनी ही जागा निवडली होती. रिसीव्हर दूरच्या एका शॉर्टवेव्ह केंद्रावर लावून ठेवायचा. आवाज चढेल-उतरेल तशी एक लेखणी फिरत्या कागदावर रेघ ओढायची. त्या लहरी वर आयनांबरावर, म्हणजे वातावरणाच्या उंच विद्युतभारित थरावर, आपटून आमच्यापर्यंत येत, त्यामुळे रेघ हलली की समजायचं, वर काहीतरी हललं. वर सगळी धावपळ आणि खाली मी ठोंब्यासारखा बसलेला.

"रेघ पडली तर आधी घड्याळ बघा, मग सूर्याचा विचार करा," सरांनी बजावलं होतं. "यंत्राला हात सगळ्यात शेवटी." सहा महिने नोंदी नीट ठेवल्या तर ते मला पीएचडीसाठी नोंदवून घेणार होते. नाहीतर पिंपरीच्या नव्या कारखान्यात थोरल्या भावाने माझ्यासाठी शब्द टाकलेलाच होता. दर रविवारी तो विचारायचा, "काय, झाले का ढग मोजून?" ढगांचा आणि माझा काही संबंध नाही हे त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मला कारखान्यात जायचं नव्हतं. संशोधन हातचं जाईल या धास्तीने मी जास्तच चुळबुळत असे. स्क्रू पिळून बघ, रिसीव्हरचे काचेचे व्हॉल्व्ह काढून पुसून परत बसव, असे नाही ते उद्योग चालायचे.

पाचव्या महिन्यात एका दुपारी, बारा वाजून गेल्यावर, रेघ उभीच्या उभी खाली कोसळली. घड्याळ बघितलं की नाही, आठवत नाही. सूर्य तर डोक्यातही आला नाही. गेलं यंत्र, एवढंच मनात आलं आणि माझे हात शिवशिवायला लागले. बटण बंद केलं, झाकण काढलं आणि कढई तापवायला ठेवतात तसं तारांचे सांधे जोडायचं डागणीचं लोखंड तापवायला ठेवलं.

तेवढ्यात दारात चाचा उभे. पिंपरी बाजारात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझे व्हॉल्व्ह तेच मिळवून द्यायचे. घराणं तिथलंच, पिढ्यान्‌पिढ्या. सायकल भिंतीला टेकवून ते धापा टाकत म्हणाले, "मास्तर, दुकानातले तिन्ही रेडिओ एकदम शॉर्टवेव्हला मुके झालेत. मुंबई लागतीया, ती मिडीयमवर हाय. शॉर्टवेव्हच तेवढं न्हाई. तुमच्याकडं काय हाय?"

आज वाटतं, याहून नेमकी नोंद कुठल्या शास्त्रज्ञाने केली असती? मी मात्र वर न बघताच म्हणालो, "चाचा, माझंच यंत्र मेलंय. तुमच्या गिऱ्हाइकांचे रेडिओ नंतर बघू."

"बरं," म्हणाले आणि गेले.

दोन व्हॉल्व्ह बदलून, एक सांधा डागून मी दोनच्या सुमारास यंत्र चालू केलं. सिग्नल ठणठणीत! स्वतःच्या कारागिरीवर मी बेहद्द खूश झालो.

दहा दिवसांनी सरांचं पत्र आलं. त्या दुपारी सूर्यावर मोठा भडका उडाला होता. अशा वेळी आयनांबराचा खालचा थर एकदम दाट होतो आणि शॉर्टवेव्ह त्यातच जिरून जाते. इतर केंद्रांवर तसंच झालं होतं. 'तुमच्याकडे सिग्नल किती वाजता परतला ते कळवा.' मी त्या दिवसाचा कागद काढून उलगडला. कागदावर रेघ पडलेली दिसत होती, पुढे दोनपर्यंत कागद कोरा.

मी बाजारात धावलो. चाचांना पक्कं आठवत होतं. कारखान्याचा एकचा भोंगा व्हायला आणि रेडिओत गाणं बारीक आवाजात उमटायला एकच गाठ पडली होती. मी उलट टपालाने सरांना लिहिलं: 'सिग्नल एक वाजता परतला.' कुणी ऐकलं, ते लिहिलं नाही.

चौथ्या दिवशी सर स्वतः गाडीने आले. कागद उलगडून म्हणाले, "यंत्र तर बंद दिसतंय. मग एक वाजता ऐकलं कुणी?"

"बाजारात, सर. एका दुकानातल्या रेडिओवर." हे खोटं नव्हतं.

"चला, दाखवा दुकान."

चाचांनी सगळं सांगितलं. तिन्ही रेडिओ, मुंबई, भोंगा, सगळं. सर लिहून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "आणि तेव्हा हे कुठे होते?"

चाचांनी माझ्याकडे बघितलं. माझा चेहरा काय झाला असेल तो असो. ते म्हणाले, "हितंच की, सायेब. ह्या स्टुलावर. हेच म्हणले, रेडिओ बिघडले न्हाईत, वरच कायतरी झालंय."

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास," म्हणाले. यंत्र मग बंद का होतं, हे त्यांनी विचारलंही नाही. आयुष्यभर वळवळत राहिलेला मी त्या क्षणी दगडासारखा गप्प बसलो. नोंदणीचा अर्ज सरांनी तिथेच, दुकानाच्या फळीवर ठेवून सही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांचे आभार मानायला गेलो. म्हणालो, "चाचा, तुम्ही मला वाचवलंत."

त्यांनी एका रेडिओची पाठ उघडली होती. मान वर न करता ते म्हणाले, "मास्तर, चारचौघांत तुमची अब्रू जाऊ नये म्हणून बोललो. पर मला वाटलं, तुमी लगेच म्हणाल, न्हाई सायेब, ह्यांनीच ऐकलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच स्टेशनवर गेलो. पुण्याला जाऊन सरांना खरं सांगायचं ठरवून तिकीटही काढलं. गाडी आली. मी फलाटावर येरझाऱ्या घालत राहिलो आणि गाडी निघून गेली. त्या आठवड्यात असं तीनदा झालं.

पुढे तीस वर्षं मी आयनांबराच्या अभ्यासात काढली. माझ्या पहिल्या शोधनिबंधातल्या तक्त्यात त्या दुपारची नोंद आहे: सिग्नल परतला, एक वाजता. पुढच्या रकान्यात निरीक्षक म्हणून माझं नाव छापलेलं आहे.