भवानीचा हात

साठी जवळ आली तरी मी धाकट्या जावेवर जळते, आणि तेही भाजीवरून. लाज वाटते, पण खरं ते खरं.

आमच्या दोघींची घरं एकाच कुंपणात, पण आचऱ्याच्या आठवडा बाजाराला आम्ही वेगवेगळ्या जातो. मी पहिल्या एसटीने, कारण बाजार मांडताना मला तिथे असायचंच असतं. गोणपाटं अंथरतायत, तवशांवरची, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या काकड्यांवरची, माती अजून ओली आहे, कुणी अळूच्या जुड्यांवर पाणी शिंपडतंय, हे बघण्यात मला देवळात गेल्यासारखं बरं वाटतं. मग भेंडीचं टोक मोडून बघावं, दर ऐकून "अगो बाय!" म्हणावं, चालू लागावं आणि मागून हाक येईपर्यंत वळून बघू नये. घासाघिशीत माझा हात धरणारी बाई आमच्या वाडीत नाही.

माझी भाजीवाली आतल्या गावची. पिकवते तीच, विकतेही तीच. पण मी सगळ्यांच्या आधी पोचले तरी टोपलीवरचं फडकं काढायची नाही.

"जरा थांबा हां वयनी, भवानी होवंदे."

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती ज्याच्या हातून होते तसा दिवस जातो, असं ती मानते. आणि तिला हात हवा असायचा माझ्या जावेचा! अर्ध्या तासाने जाऊ स्कुटीवरून आरामात यायची, हाताला लागेल ते उचलायची, सांगतील तेवढे पैसे द्यायची. भाजीवाली नोट कपाळाला लावायची. मी बाजूला रिकामी पिशवी घेऊन उभी. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या श्रावणात मी विचारलंच. "मी हय उभी आसय ना! माझ्या हाताक काय झाला?"

ती ओशाळली. "रागावू नकास वयनी. हाताक कायएक झाला नाय. पण तुमी दर पाडतास. पयल्या गिऱ्हाइकान दर पाडल्यान काय दिसभर सगळी पाडीत रवतत."

एवढंच? पुढच्या बाजाराला मी तोंडाला कुलूप लावून गेले. एक तवसं उचललं. तिने सांगितलेला दर चांगलाच चढा होता. जीभ वळवळली, पण जावेचा चेहरा डोळ्यांपुढे आणला आणि मुकाट्याने पैसे दिले. माझी नोट तिच्या कपाळाला लागली तेव्हा मी या वयात लाजले. त्या दिवशी तिची टोपली दुपारच्या आत रिकामी झाली. तेव्हापासून भवानी माझी.

पण त्याच दिवशी मी मुद्दाम तिथेच रेंगाळले होते. जावेचं तोंड उतरलेलं बघायचं होतं मला. ती आली, भवानी झाल्याचं ऐकलं आणि चक्क हसली.

"सुटलय गो बाय!" म्हणत ती टोपलीपुढे उकिडवी बसली. "आता खरा सांग, ह्या तवसा कितक्याक?"

दर ऐकून ती म्हणाली, "अगो बाय!" आणि उठून चालू लागली. इतकी वर्षं बिचारीने ते गिळून ठेवलं होतं.

आता दर बाजाराला हेच चालतं. भवानी करणाऱ्याने नंतरही दर पाडायचा नाही, असा भाजीवालीचा नियम. जाऊ मात्र तिच्याशी मनसोक्त भांडते, दोघी हसतात, आणि वर मूठभर मिरच्या जावेच्या पिशवीत पडतात. जुन्या मानाचं तिला काहीही वाटत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

परवा पिशवी भरून मी स्टँडकडे निघाले होते. मागून भाजीवालीची हाक आली, "येवा वयनी, येवा! तुमी म्हणतास ता द्या."

मी झटकन वळले. हाक जावेला होती.