मास्तरांची जुनी टेप

टेलरमास्तरांना समोरचा माणूस आधी मापात दिसायचा आणि मग नात्यात. रस्त्यानं कोणी येताना दिसलं की 'छाती बेचाळीस, डावा खांदा पडका' एवढं मनात उमटून जायचं. आपण ह्यांना ओळखतो, हे त्यांना त्यानंतर आठवायचं. मापाच्या बाबतीत मास्तरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बाकी सगळं ते बायकोला विचारून सांगत.

दर रविवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून मास्तर तलावावर गळ टाकायला जात. वरच्या काठावर त्यांच्यासारखे दहा-बारा हौशी लोक जमायचे. तलावावर नियम एकच होता, बारा इंचांखालचा मासा परत पाण्यात सोडायचा. मासे कमी होत चालले होते, म्हणून मासेमारी खात्यानं तो पाटीवर लिहून ठेवला होता. पण गळाला लागलेला मासा प्रत्येकाला आपला मोठाच दिसतो. रोजची कटकट नको म्हणून सगळ्यांनी मिळून मास्तरांनाच मापाडी करून टाकलं. माशाला ओल्या फळीवर निजवायचं, तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप धरायची आणि निकाल द्यायचा. मास्तर 'भरला' म्हणाले तर पिशवीत आणि 'सोडा' म्हणाले तर पाण्यात.

टेप मास्तरांच्या धंद्याच्या पहिल्या दिवसांपासूनची होती, पिवळ्या कापडाची. तीस वर्षं ती त्यांच्या गळ्यात होती. पुढे दुकानात कारागीर ठेवला, त्याच्यासाठी नवी टेप आणली आणि पहिल्याच महिन्यात एका वकिलांची पँट कमरेत अशी आवळली की साहेबांना बसता येईना. माप घेतलं होतं मास्तरांनी जुन्या टेपेनं आणि कापड कापलं होतं कारागिरानं नव्या टेपेनं. अर्थात बोलणी खाल्ली कारागिरानं. मास्तर चुकणं शक्यच नव्हतं. तरी उगाच दोन टेपा नकोत म्हणून जुनी गेली गळाच्या पिशवीत. ह्याला आता सहा वर्षं झाली.

आणि त्या टेपेनं चार वर्षांपूर्वी घरात आग लावली.

मास्तरांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, गाडी शिकवण्याचा वर्ग चालवायचा. वजन नव्वद किलो, पण घरात नाव 'छोटू'. मास्तरांनीच त्याला गळ धरायला शिकवलं होतं. सबंध हंगाम बिचारा काठावर बसून होता, एक शेवाळ सोडलं तर त्याच्या गळाला काही लागलं नव्हतं. आणि एका रविवारी मासा लागला. आयुष्यातला पहिला! छोटूनं तो दोन्ही हातांत धरून सगळ्या काठाला दाखवला, बहिणीला फोन करून मसाला वाटायला सांगितला. मास्तरांनी टेप लावली. पावणेबारा. इंचाचे आठ सूत, त्यातले दोन कमी.

"सोडा," मास्तर म्हणाले.

"भावोजी, दोन सूत!"

"सोड रे."

"घरच्या माणसाला दोन सूत सोडले असते तर काय तलाव आटला असता?"

लोक हसले. मास्तरांनी स्वतःच मासा उचलला आणि पाण्यात सोडला. छोटूनं गळाची काठी तिथंच टाकली. त्यानंतर त्यानं घराची पायरी चढली नाही. मास्तरांच्या बायकोनं ह्यावर भांडण केलं नाही, पण मसाल्याचं ते वाटण तिनं तसंच्या तसं मोरीत ओतलं होतं, ते मास्तर विसरले नव्हते. चार वर्षं ती भावाशी फोनवर बोलायची ती आतल्या खोलीत जाऊन.

ह्या वर्षी मासेमारी खात्याच्या बाई पाहणीला आल्या. खालच्या काठावर त्यांना दिवसभरात तीन मासे दिसले. वरच्या काठावर सकाळीच पंचवीस मोजून झाले. तलाव एकच, पाणी तेच, नियमही तोच.

"इथं तुम्ही वेगळं काय करता?" बाईंनी विचारलं.

"काहीच नाही. बारा इंच म्हणजे बारा इंच," मास्तर म्हणाले, आणि जरा ताठ झाले.

तेवढ्यात कोणाचा तरी मासा फळीवर आला. मास्तरांनी टेप धरली. "पावणेबारा. सोडा." बाईंनी वहीत लिहिण्यासाठी आपली स्टीलची पट्टी लावली, आणि कपाळाला आठी घातली. मासा बादलीत टाकायला सांगून त्यांनी मास्तरांची टेप मागितली आणि पट्टीशेजारी सरळ पसरली. टेपेचा बाराचा आकडा पट्टीच्या बाराच्या पुढे चांगला पाच सूत जाऊन बसला होता.

मास्तरांना वाटलं पट्टीच खोटी असेल. पण स्टील काही ताणत नाही. कापड ताणतं, आणि हे कुणी शिंप्याला सांगायला नको होतं. दुकानात एकाच टेपेनं अंगही मोजायचं आणि कापडही, त्यामुळे तीस वर्षं चूक चुकीत जिरून गेली. कारागिराचा पडलेला चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला.

बाई मात्र लहान मुलीसारख्या खूश झाल्या. "अहो, हेच तर उत्तर आहे! हा मासा आपल्या काठचं गवत सोडून लांब जात नाही. आणि पहिल्यांदा अंडी घालतो तो बाराच्या जरासा पुढे गेल्यावर. खालच्या काठावर तो त्याआधीच पिशवीत जातो. तुमच्याकडे त्याला एक हंगाम जास्त मिळतो. नियमच तोकडा आहे, मी वर लिहिते. पण बदलायला दोन वर्षं तरी जातील." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तोवर ही टेप फेकू नका, एवढंच म्हणते."

म्हणजे आपण गुन्हा केला की पुण्य? मास्तर घरी जाताना दोनदा चुकीच्या गल्लीत वळले. सहा वर्षं लोकांचे हक्काचे मासे आपण पाण्यात सोडायला लावले. बरं, सोडले म्हणून तर मासे उरले. म्हणजे खोटं माप बरोबर आणि खरं माप चूक? असं कुठं असतं का? खरी पट्टी वापरावी तर काठ रिकामा होणार, टेप वापरावी तर आता ती जाणूनबुजून केलेली लबाडी. काल नकळत होत होतं तेव्हा ठीक होतं. डोक्याचा नुसता भुगा झाला.

बायकोला सांगावं की नाही हेही ठरेना, पण लपवणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. ती पोळी लाटत होती. सगळं ऐकून घेतलं. मासे, गवत, अंडी ह्यातलं काही तिच्या कानात शिरलं की नाही कोण जाणे. लाटणं थांबलं.

"म्हणजे छोटूचा मासा मापात होता?"

मास्तरांनी मनात हिशेब आधीच केला होता. "बारावर तीन सूत असणार."

"चार वर्षं झाली," ती म्हणाली, आणि पुन्हा लाटायला लागली. ती पोळी काही गोल झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी आधी कारागिराची माफी मागितली. तो इतका घाबरला की त्याला वाटलं आपल्याला कामावरून काढतायत. मग ते छोटूच्या वर्गात गेले. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचे तक्ते, टेबलावर एक सुटं स्टिअरिंग, मागे छोटू. मास्तरांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. छोटू बराच वेळ स्टिअरिंग डावीकडे-उजवीकडे फिरवत राहिला.

"मी चार वर्षं स्वतःलाच सांगत होतो की मासा लहानच होता, जाऊ दे," तो म्हणाला. "आता मी काय करू?"

"रविवारी ये," मास्तर म्हणाले.

रविवारी छोटू आला तो नवीकोरी स्टीलची पट्टी घेऊनच. गोष्ट काठभर झालीच होती. लोकांनी मास्तरांची यथेच्छ चेष्टा केली, एकानं तर सहा वर्षांचे मासे परत मागितले. टेप मास्तरांच्या खिशात होती. ती का आणली, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन तासांनी छोटूची काठी वाकली. मासा फळीवर आला. मास्तरांनी पट्टी लावली. बारावर दोन सूत.

छोटू त्यांच्या तोंडाकडे बघत होता. अख्खा काठ बघत होता.

"भरला," मास्तर म्हणाले.

घरी त्या दिवशी सणासारखं झालं. बायकोनं भावाला दारातच एक धपाटा घातला, मग रडली, मग मसाला वाटायला घेतला. छोटू स्वयंपाकघरात स्टुलावर बसून तोच मासा तिसऱ्यांदा पकडून दाखवत होता. इतकं हसताना मास्तरांनी तिला कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. तिनं खवले काढले, पोटाला सुरी लावली, आणि तिचा हात थांबला.

पोट गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, गच्च भरलं होतं. पिवळी, दाणेदार, दोन मुठी तरी. ती तिनं अलगद एका वाटीत काढली. वाटी भरली, तेव्हा दुसरी घेतली.

छोटू स्टुलावरून उठून वाट्यांपाशी आला. मग त्यानं विचारलं, "भावोजी, तुमच्या टेपेनं हा किती भरला असता?"

मास्तरांना मोजायची गरज नव्हती. "पावणेबाराच्याही आत."

"म्हणजे सोडला असता."

"सोडला असता."

छोटू वाट्यांकडे बघत राहिला. "माझा तो पहिला मासा... त्याच्याही पोटात असंच असेल का हो?"

"असेल. त्याचंच एखादं पोर असेल हे, काय सांगावं."

"मग तेव्हा झालं ते बरं झालं म्हणायचं की वाईट?"

"मला कळत नाही रे, छोटू," मास्तर म्हणाले. "खरंच कळत नाही. आज मी अगदी बरोबर मोजला."

त्यांनी खिशातून टेप काढून टेबलावर ठेवली. छोटूनं आपली पट्टी तिच्या शेजारी ठेवली. दोघं त्या दोन मापांकडे वाकून बघू लागले, जणू त्यांच्यातलं कोणीतरी आता बोलणार होतं.

"पुढच्या रविवारी ह्यातलं काय न्यायचं?" छोटूनं हळूच विचारलं.

मास्तरांनी सवयीनं बायकोकडे पाहिलं. ती गाभोळीच्या वाट्या हातात घेऊन उभी होती. कुठं ठेवाव्यात हे तिलाही कळत नव्हतं.

"आधी ते दोन्ही उचला तिथून," ती म्हणाली. "मला ताटं मांडायचीत."